अर्धा गुण

मुलाणी बाईंनी अर्धा बटाटा ताटलीत पालथा घातला
आणि घोटभर पाणी ओतलं.
"हा आपला डोंगर. पाणी जिथं टेकलंय तिथनं पेन्सिल फिरव."
मग आणखी एक घोट, आणखी एक रेघ.
तास संपल्यावर पाणी कडुनिंबाच्या आळ्यात गेलं
आणि बटाटा बाईंच्या डब्यातून घरी.

समोच्च रेषा म्हणजे काय? दोन गुण.
समान उंचीची ठिकाणं जोडणारी, मी लिहिलं.
मिळाले दीड.
अर्धा का कापला, विचारायचं राहून गेलं.

आता मी माण आणि खटावच्या मधल्या धारेवर उभी आहे,
हातात ए-फ्रेम, पाटीत फक्की.
वारा ओळंबा ठरू देत नाही.
धार दुपाखी घरासारखी:
इकडचा थेंब माणगंगेला, तिकडचा येरळेला,
वीतभर अंतरावर पडलेल्या दोघांची गाठ
थेट परमुलखात, भीमा कृष्णेला मिळते तिथं.
पण आधी थेंब पडायला हवा.
एकाच जिल्ह्यातले आम्ही;
महाबळेश्वरात छत्र्या वाळत नाहीत,
इथं ढग येतात ते रिकाम्या पोत्यांसारखे
घडी घालून.

दाजीबा विरकर मेंढरं घेऊन वर आले.
"काय मोजतीस?"
"उतार. चर काढायचेत, पाणी अडवायला."
"मग ह्यांनाच इचार की."
काठी बरडावरून फिरली
आणि मला दिसल्या
एकाखाली एक, आडव्या, खुरांनी कोरलेल्या वाटा.
"गाभण मेंढी सरळ चढत न्हाई.
आडवी चालती, दम राखून."

मी ओळंबा धरला, फक्की सोडत गेले.
साठेक फूट माझी रेघ
मेंढरांच्या वाटेतूनच चालली,
एका धोंड्यापाशी तेवढी चुकली.
चुकलं कोण, मी की मेंढरू,
ते ओळंब्यालाच ठाऊक.

बाई, तो अर्धा गुण इथं पडला होता,
लेंड्यांमध्ये.

दाजीबा खाली बसले, तंबाखू मळत म्हणाले,
"चर पाडल्यावर ही जायची कुठनं?"

नकाशात याचं उत्तर नव्हतं.
नकाशात रेघ सलग असते.
मी मागं फिरले, पायानं फक्की पुसली
आणि चार पावलांची जागा
मोकळी सोडली.