जागा बदललेली आढळली

मकरपुरा जीआयडीसी, शेड नंबर बारा.
क्रेनवाल्याने मशीन आत घेतलं तेव्हा साडेतीन वाजले होते.
नारळ जशुभाईंनी फोडला,
पाणी मात्र बेडच्या जवळ येऊ दिलं नाही.
एकोणतीस लाख. त्यात माझ्या बांगड्या नाहीत,
त्या मागेच गेल्या, लेथच्या वेळी.

केबल जोडली, हवा जोडली, बटण दाबलं.
पडद्यावर पिवळी पट्टी:
मशीनची जागा बदललेली आढळली.
कंपनीशी संपर्क साधावा.

आत म्हणे सुपारीएवढा एक सेन्सर असतो.
कोइम्बतूरपासूनचा एकेक खड्डा
त्याने मोजून ठेवला
आणि इथे पोचल्यावर तोंड मिटलं.
"नवी वहू जेवी छे, बोलती नथी," जशुभाई म्हणाले.
मी म्हटलं, नवी कुठली.

कीर्तिभाईंना फोन लावला.
विकायचं होतं तेव्हा तेच दिवसातून चारदा लावायचे.
"बेन, जेम छे तेम लीधुं छे ने."
बिलावर खरंच तसं लिहिलेलं,
खाली, जीएसटीच्या आकड्याच्या आडोशाला.

मग कंपनी. पुण्याचा नंबर.
सीरियल नंबर सांगितला, पाटीवरचं ग्रीस पदराने पुसून,
आठ आहे की तीन, दोनदा बघून.
"हे मशीन आमच्याकडे मुरुगन प्रिसिजनच्या नावावर आहे.
तुम्ही मूळ मालक आहात का?"
मुरुगनचं बँकेने विकलं, बँकेकडून कीर्तिभाईंनी घेतलं,
हे सगळं सांगून झाल्यावर
तिने पुन्हा विचारलं, "म्हणजे नाही ना?"
नाही.
"मग आधी नोंदणी. तपासणी, प्रवास, मुक्काम, कोड.
सहा लाख चाळीस हजार, अधिक कर."

मुलगी सभ्य होती. मध्येच म्हणाली,
"मॅडम, तुमचं मराठी जरा वेगळंच आहे. कुठलं?"
बडोद्याचं.
"हो, पण मूळ गाव?"

खापरपणजे कुणाच्या तरी पागेत मोतद्दार म्हणून आले,
दांडिया बाजारात राहिले. पाच पिढ्या.
मूळ गाव आम्हाला कुलदेवतेपुरतं लागतं,
तेही गुरुजींनी विचारलं तर.
मी "कोकण" म्हटलं. ठोकून दिलं.

नऊ दिवस.
वाघोडियाच्या पार्टीचे चारशे फ्लँज कोपऱ्यात रचलेले,
बँकेचा हप्ता पाच तारखेला.
दिराची गाडी गेली.
जशुभाई रोज सकाळी मशीनवरून फडकं फिरवायचे,
उदबत्ती ओवाळायचे, पिवळ्या पट्टीलासुद्धा.

दहाव्या दिवशी खुर्जेकर आले.
हातात बॅग, गुडघ्याला पट्टा, निवृत्तीला चार महिने.
लॅपटॉप काढण्याआधी मशीनच्या मागे गेले,
कण्हत खाली बसले, डाव्या पायाशी हात घातला.
"हा वॉशर माझा," म्हणाले. "दोन हजार अकरा.
त्यांची जमीन एका बाजूला उतरती होती.
मुरुगनचा मुलगा शाळेच्या गणवेशात
इथे असा उभा राहून बघायचा."
पुढे काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

कोड सोळा अंकी.
टाकताना त्यांनी पडद्यावर हात आडवा धरला,
एटीएमपाशी धरतात तसा.
माझ्यापासून.

स्पिंडल फिरलं. चांगलं फिरलं, खोटं का बोलू.
पहिल्या फ्लँजचं माप बरोबर आलं,
जशुभाईंनी तो कानाशी धरून वाजवून पाहिला.

चहाबरोबर भाकरवडी ठेवली.
"ही मूळची आमच्या पुण्याची," खुर्जेकर म्हणाले.
मी वाद घातला नाही, कागदावर सही घेतली.
त्यात एक रकाना होता: सध्याचा मालक.
माझं नाव त्यांनी पेन्सिलने लिहिलं.
ऑफिसात गेल्यावर पक्कं होईल, म्हणाले.

"आणि वॉशर?"
"राहू द्या. तुमची जमीनही काही सरळ नाही.
फक्त आता हलवू नका. इंचभरसुद्धा."

तेवढ्यात बाहेरून भरलेला ट्रेलर गेला,
पत्रे थरथरले, बशीतला चमचा वाजला.
आम्ही तिघेही पडद्याकडे बघत राहिलो.