पहिला मांडा फाटतो

कापडण्याच्या कौतिकबाईंचा उजवा हात
लग्नाच्या ऑर्डरीत भाजला.
खापर तडकलं, तोल गेला, हात निखाऱ्यांत.
कुणी हळद लावली, कुणी टूथपेस्ट.
भरलेला हंडा दोन पावलांवर होता,
तो कुणाला आठवला नाही.

धुळ्याला माझ्याकडे आल्या तेव्हा
मांडीची कातडी हातावर रुजली होती.
"जनमभर मी हातावरचा मांडा खापरावर टाकला,
डॉक्टरनं मांडीचाच मांडा हातावर टाकला."
हसल्या. मग हाताकडे बघून म्हणाल्या,
"हाऊ मना हात नही, ताई."

मी कोन मोजते, तेच माझं काम.
मधलं बोट पंचावन्न अंश, करंगळी चाळीस,
अंगठा: ठीक.
बाहेर पारा चव्वेचाळीसवर
आणि मी सांगते, घट्ट मोजा तेवीस तास घाला.
रात्री पट्टी, हात अर्ध्या ओंजळीसारखा.
खाज सुटली की त्या मोज्यावरून
चमच्याची पाठ फिरवतात.
हे सून सांगते, त्या नाही.
झोप नसते तेव्हा मनातल्या मनात मांडे करतात,
एकेक, शेवटल्या पंगतीपर्यंत.

दवाखान्याची पिवळी पुट्टी त्यांनी दाबली,
वास घेतला, परत दिली.
"हिच्यात जीव नाही."
पुढच्या खेपेला स्टीलच्या डब्यात
तिंबून तिंबून सैल केलेली कणीक.
पुरण नव्हतं. वाया कशाला घालवायचं?

डाव्यावरून उजव्यावर, उजव्यावरून डाव्यावर,
मांडा मनगट ओलांडून कोपराकडे निघाला
आणि फाटला.
दुसराही.
तिसरा फाटला तेव्हा मी वाकून पाहिलं.
भोक दर वेळी तिथंच,
अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात,
जिथं नवी कातडी आखडून
पडदा धरत होती.
माझ्या वहीत दोन आठवडे
"ठीक" लिहिलेलं.

खोडलं.
गरम पाण्यात पट्टीचा तुकडा मऊ केला,
बेचक्यात बसवू लागले.
"कडेला जाड राहिलं," त्या म्हणाल्या,
"तिथंच रुतेल."
खरंच जाड होतं.

फाटकी कणीक गोळा करून त्यांनी डब्यात भरली,
झाकण लावलं.
कुठल्या हातानं लावलं
ते मी बघायला हवं होतं.
मी पट्टीची कड घासत होते.