बिनहळदीचं

सांगलीच्या यार्डात दिवसभर पोत्यांच्या पावत्या.
नखांत हळद, नाकात हळद,
वहीच्या कडासुद्धा पिवळ्या.
घरी येऊन परत तीच फोडणीत?
नको वाटतं.

मुळात स्वयंपाकच नको वाटतो, ते वेगळं.

आज दुधी किसला, ताकात सोडला,
मिरी, मीठ, ठेचलेला लसूण.
कृती पाच ओळींची, मी तीनच वाचल्या.
बेसन चौथीत होतं.
ताक फाटलं.

सासरे अंकलीचे.
तिखटाशिवाय घास उतरत नाही.
पांढऱ्या वाटीकडे बघत म्हणाले,
"आजारी कोण आहे?"
"मी," म्हटलं. "जेवा."

जेवले. वाटी बोटानं पुसून.
मग उठले, काही न बोलता
हळदीची बरणी उचलून
वरच्या फळीवर ठेवली,
माझा हात पोचत नाही तिथं.