परतीचा नॉब

कोइमतूरहून खोका आला.
आत चार शॉकअप, निळे, तेलकट कागदात,
प्रत्येकाच्या बुडाशी एक पितळी नॉब.
एकच.
दोन नॉबवाले घ्यायची ऐपत ओढूनताणून आली असती,
पण इसाक म्हणाला,
जे मोजता येस नही, ते लेवानं नही.

आमची गाडी बुटकी, दोन सीटची,
झेनचं इंजिन पाठुंगळी घेऊन पळणारी.
वळणात तिला स्वतःचं मागचं अंग आवरत नाही.
चौथ्या कोनाला डावीकडं झोक, पाचव्याला उजवीकडं,
आणि मधे एक निमिष असं
की मी पुढच्या वळणात, शेपूट मागच्या.

पाच कंदिलाच्या मागल्या गल्लीत इसाकचं दुकान.
भिंतीवर बापाची धनुकली, तात अजून ओढलेली,
तिच्याखाली वेल्डिंगचे चष्मे, टायर उचकटायच्या पहारी.
लुकमानचाचा बाजेवर.
वय विचारलं तर सांगतात,
फोमच्या गाद्या आल्या त्या साली म्हातारा झालो.

मी वहीत बाण काढले होते:
चाक वर, तो दाब. चाक खाली, ती परत.
नॉब फक्त परतीचा.
आधी पूर्ण बंद करायचा, मग मागं मोजत यायचं,
आकडा जितका मोठा तितकी परत मोकळी.
पुढं सहा, मागं सात, इथून सुरुवात.
हे सात कुठून आले, विचारलं.
इसाकनं खांदे उडवले. कुठून तरी निघाले पाहिजे ना.

रविवारी नरडाण्याच्या जिनिंगचं पटांगण.
हंगाम उलटलेला, फरशीच्या सांध्यांत सरकी,
तारेच्या कुंपणाला कापसाचे झुबके.
अठरा कोन, चुन्याची रेघ,
छत्रीखाली घड्याळ धरून कोळंबे सर.

पहिली फेरी अठ्ठेचाळीस पूर्णांक सात.
सांध्यावर मागचं चाक उडालं
आणि खाली यायला विसरलं.
इसाक पोटावर झोपून बघत होता
दांड्यावर सरकवलेलं ट्यूबचं कडं,
ते कुठवर ढकललं गेलं.
"दाब पुरस. परत अडकस."

तेवढ्यात चाचा जीपमधून उतरले, कोणी न बोलावता.
मागच्या मडगार्डवर दोन्ही तळवे ठेवून
सगळं वजन टाकलं, सोडलं.
कान तिरका. पुन्हा टाकलं, पुन्हा सोडलं.
गादी भरताना हेच पाहायचं, म्हणाले:
दाबलं की दबावं,
हात उचलला की हाताच्या मागं मागं यावं,
ढकलू नये, रेंगाळू नये.
मग गाडीला थोपटून, जरा नाराजीनं,
"कापूस कोंडलाय."

मला चार क्लिक हवे होते. इसाकनं दोन दिले.
टक. टक. दुसऱ्या बाजूला टक. टक.
टायरच्या हवेला हात लावू दिला नाही,
पुढच्या नॉबलाही नाही.
एका वेळी एकच पाप, म्हणाला.

दुसऱ्या फेरीत
चौथा कोन गेला, पाचवा गेला,
आणि ते निमिष मी शोधत राहिले,
सापडलंच नाही. शेपूट माझ्या पाठीशी,
माझ्याच वळणात.
फरशीचा सांधा आला, चाक उठलं, बसलं.
मी हसले असणार, कारण
शेवटच्या कोनाकडं माझं लक्ष नव्हतं.

झेंडा वर.
सत्तेचाळीस पूर्णांक चार, अधिक कोनाचे दोन.
"भंगाळे मॅडम, एकोणपन्नास पूर्णांक चार!"
पहिल्या फेरीहून वाईट, कागदावर.

इसाकनं माझी वही मागितली.
लिहिलं: मागं नऊ, पुढं सहा, हवा अठ्ठावीस, ऊन बेक्कार.
कोनाचं काहीच नाही.
मी म्हटलं, वेळ तरी लिही.
तो म्हणाला, ती कोळंबे सरांच्या कागदावर आहे की.

चाचा कुंपणापाशी उभे,
तारेवरचा एक झुबका काढून
दोन बोटांत ओढून बघत होते,
तुटायच्या आधी किती लांब येतो.
मग खिशात घातला.