शेवटची पोय

लक्ष्मीपुरीत माझं मांडवाचं दुकान.
खुर्च्या, गाद्या, तीनशे ताटं, आणि एक सिंहासन,
त्याच्या डाव्या सिंहाचा कान फुटलाय.
अकरा वर्षं लग्नसराईत टेम्पो काढून
आजऱ्याच्या पुढं, पार घाटाच्या काठाला जायचो,
रवळू गावड्याकडं,
भेरली माडाच्या झावळ्या आणायला.

दाराच्या दोन अंगांना दोन बांधल्या
की पत्र्याचं घरसुद्धा लग्नाचं दिसतं.
झावळी म्हणजे नुसत्या माशांच्या शेपट्या,
अख्खा थवा वर निघालेला
आणि कुणी तरी मध्येच थांबवलेला.

रवळू चढायचा.
कमरेला काथ्याचा फास, पाठीला कोयता,
गालात तंबाखू. वर गेला की बोलणं बंद.
खाली मी आणि ड्रायव्हर अस्लम
मान अवघडेपर्यंत त्याच्या तळपायांकडं बघत.

यंदा गेलो तर फास खुंटीला.
“त्याच्यावर न्हाई चढायचं गा आता.”
घरामागं नेलं त्यानं मला.
माड उभा होता, पण डोक्याला केस नव्हते.
अंगभर वाळल्या पोयींचे झाडू लोंबत होते
आणि एक ओली, माझ्या छातीएवढ्या उंचीवर.

“ह्याचं उलटं असतंय,” रवळू म्हणाला.
“पैली पोय शेंड्याला. मग वर्साला एक-दोन
खाली, खाली, खाली.
म्हातारं माणूस जिना उतरतंय न्हवं, तसं.
ही शेवटची. फळं पिकली की सुटला.
फुलायला लागल्यापास्नं नवं पान न्हाई टाकलं त्यानं.
सा वर्सं तुमाला जुनंच कापून देत हुतो.”

सहा वर्षं.
तेव्हापासूनच मी म्हणत होतो, झावळी बारकी येते रवळू,
जोडीमागं दहा रुपये कमी घे.
त्यानं घेतले होते.

चहा झाला. तो बुंध्याला टेकून सांगत बसला,
मला की झाडाला, कळेना.
बाप ह्याची माडी काढायचा.
प्यायला फौजदार यायचा, धरायलाही तोच.
आजीनं एका वाईट साली असल्याच एकाचा
गाभा कुटून, धुऊन, वाळवून पीठ केलं,
भाकरी थापता येईना म्हणून आंबील.
परवा टस्कर आला रात्री,
बांधावरचा पोरसवदा माड उभा चिरला
आणि तोच गाभा खाऊन गेला, निवांत.
“त्येला कुटायबी लागत न्हाई,” म्हणाला.

मी विचारलं, हा लावला कुणी?
“उदमांजरानं.”
फळ खाल्लं, बांधावर बसलं, बी पडली.
सातबाऱ्यावर नोंद नाही.

मग उठून त्यानं बुंधा वितीनं मोजला.
पडला की मधोमध फोडायचा, आतला भुसा उकरायचा,
पन्हळ होते बावीस हात.
वरच्या झऱ्याचं पाणी ओघळीवरनं
थेट खालच्या वाफ्यात.
पाइप घे की, मी म्हणालो, सबसिडी आहे.
“पाइप माकडं फोडत्यात,” तो म्हणाला,
आणि परत मोजायला लागला,
आधीची मोजणी विसरल्यामुळं.

निघताना लोंबत्या घोसातलं एक लाल फळ
मी सहज चुरगळलं.
“हां हां हां!” रवळू ओरडला, पण उशीर झाला होता.

गडहिंग्लजपर्यंत खाज कोपरावर आली.
निपाणीला अस्लमनं बाटलीतलं पाणी ओतलं,
कागलला कुणी तरी खोबरेल दिलं.
टेम्पो मागं रिकामा खडखडत होता.

रात्री दुकानात नवा माल सोडला.
प्लॅस्टिकच्या झावळ्या, बारा जोड्या.
धुता येतात, घडी होते, दहा वर्षं टिकतात,
एका जोडीवर किमतीचं स्टिकर उलटं चिकटलेलं.
दोन दारात बांधून बघितल्या. दिसतात.
मी हात खाजवत उभा.
अकरा वर्षांत एवढ्या झावळ्या बांधल्या मी,
फळ कधी हातात घेतलं नव्हतं.