उचलू नका

वसमतच्या स्टँडमागं माझं दुकान, आठ बाय सहा.
काउंटरच्या काचेखाली फुटलेल्या स्क्रीनचा ढीग.
माणसं चार्जरची पिन न्यायला येतात
आणि जाता जाता भीती ठेवून जातात.

"लाल अक्षरात नंबर आला, उचलला,
कळमनुरीकडं एक पोरगं जागेवर गेलं म्हणे."
कोणाचं पोरगं?
"ते माहीत नाही. पण गेलं."
'म्हणे' या शब्दाची रेंज कधीच जात नाही.

"मिसकॉल आला की खात्यातले पैसे आपोआप जातेत."
"वाजत असताना हात लावला की आपला फोटो निघतो."
मी स्क्रू पिळता पिळता सांगायचो:
नुसत्या वाजण्यानं काही जात नाही, काका.
उचलल्यानंही नाही.
बाहेरदेशाचा अनोळखी नंबर आपण उलटा लावला
तर मात्र मीटर आपलं पळतं,
तिकडं कुणी नुसती टेप लावून ठेवतं
आणि आपण हॅलो हॅलो करत बसतो.
एवढं खरं. बाकी वारं.

पण एवढं लांबडं रोज कोण बोलणार?
म्हणून एक दिवस पत्र्यावर लाल ऑइलपेंटनं लिहिलं:
अधिकचं चिन्ह असलेला नंबर
उचलू नका, लावू नका.
दोन शब्द जास्तीचे होते, मला माहीत होतं.
म्हटलं, भीती थोडी जास्त झाली तर नुकसान काय?

चतुराबाई हळदीच्या कुकरवर कामाला.
बोटं बाराही महिने पिवळी,
रेशनचं मशीन ठसा घेत नाही, दर महिन्याला तेच भांडण.
पोरगा विश्वांभर मस्कतला, पाइपाच्या कामावर.
मायलेकरांची बोली मिसकॉलची:
एक घंटी, जेवलो.
दोन, पगार झाला.
तीन वाजून थांबली अन् परत वाजली, तर उचल, बोलायचंय.
त्याचा नंबर आला की बकरीचा फोटो दिसायचा,
मीच लावून दिला होता.

मग त्यानं कंपनी बदलली, नंबर बदलला.
ती फोन पदरात गुंडाळून आली,
"भाऊ, हे बिनबकरीचं लई वाजायलंय.
रोज दिवे लागायच्या टायमाला. तीनदा. मग परत."
समोर चार गिऱ्हाइकं. मी मान वर न करता म्हणालो,
बोर्ड वाचा.
तिला वाचता येत नाही.
मीच वाचून दाखवला.

त्याच महिन्यात दिगांबर गुरुजींचे शहाऐंशी हजार गेले.
नंबर साधा, दहा आकडी.
अधिक नाही, लाल नाही.
पोरगी आधी "पाया पडते, सर" म्हणाली,
मग हयातीच्या दाखल्याचं बोलली,
मग मोबाईलवर आलेले सहा अंक विचारले.
गुरुजींनी हजेरी घ्यावी तसा
एकेक अंक स्पष्ट उच्चारला.
माझा बोर्ड ते रोज वाचायचे.
'चिन्ह'मधली चूक त्यांनीच काढून दिली होती.

सत्तावीस दिवसांनी औंढ्याचं एक पोरगं सुट्टीवर आलं,
विश्वांभरचा निरोप घेऊन.
हात मोडला होता. प्लेट बसवली. आता बरा आहे.
माय उचलत कामून नाही, एवढंच विचारलंय.

ती दुकानात आली. मी स्टूल पुढं केलं, बसली नाही.
"तुमचं काय चुकलं, भाऊ?
मला वाजणं कळलं होतं की.
मीच लिहिलेल्यावर इस्वास ठेवला."
नवा नंबर भरून दिला. बकरी परत लावली.
पैसे घेत नव्हतो, तिनं दहाची नोट
काचेवर दाबून ठेवली. नोटेला हळद.

रात्री थिनर घेऊन 'उचलू नका' पुसत बसलो.
पत्रा जुना, रंग पक्का, पुरतं निघालं नाही.
सकाळी ऊन तिरपं आलं की
'नका' तेवढं अजून उमटतं.

काल एक जण पिन घेता घेता विचारून गेला,
"काय नका?"