भराव

खालच्या डाव्या दाढा जाऊन नऊ वर्षं झाली.
मी उजवीकडून जेवायला शिकले,
निवटे, बोंबील, चिंबोरीच्या नांग्यासुद्धा,
कुणी विचारलं तर म्हणायचे, एका गालाला सुट्टी दिलीय.

सीवूड्सच्या दवाखान्यात पडद्यावर माझा जबडा उभा केला,
राखाडी, एकीकडे खचलेला.
टिपणीस डॉक्टर म्हणाली,
दात नसला की हाड ओसरतं, मावशी.

ओसरतं.
हा शब्द हिनं कुठून आणला?
आमच्या करावे गावात तो फक्त पाण्याचा होता.

किती उरलंय, मी विचारलं.
पेनाच्या टोकानं तिनं चार मिलिमीटर दाखवले.
म्हणजे साडेबारा टक्के, मी म्हटलं.
ती हसली नाही, तिला ठाऊक नसावं.
कोपऱ्यातल्या खुर्चीत माझा मुलगा हसला.
त्याच भूखंडाच्या पैशांतून तो बिल भरणार होता.

मग बाटली निघाली, बोटाएवढी,
आत पांढरे दाणे.
गाईचं नाही, मेलेल्या माणसाचं नाही,
कारखान्यात भाजून केलेलं हाड.
मी काचेला डोळा लावला
आणि मला मीठ दिसलं,
एप्रिलमधलं, दुसऱ्या काढणीचं,
फळीनं ओढताना कुरकुरणारं,
डोक्यावरच्या टोपलीतून
मानेवर, पाठीवर, पदरात पाझरणारं.
लोक म्हणायचे, रेवू हाडाची आगरीण.
हाडाची!

सुई टोचली. गाल परका झाला.
तिनं ते दाणे माझ्याच रक्तात भिजवले,
हिरडी उघडून थोपले,
वर पातळ पडदा, चार टाके.
दिव्याखाली डोळे मिटले तर डंपर ऐकू येऊ लागले.
बांधावर उभी राहून मी ते मोजले होते,
एका दिवसात एकशे सहा,
लाल मुरूम, कोंडीमागून कोंडी,
आणि सासरा उघाडीच्या फळीवर हात ठेवून बसलेला
जणू रात्रीच्या भरतीला अजून आत घ्यायचं आहे.
त्या भरावावर आता चौदा मजले उभे आहेत.
तळमजल्यावर, औषधांच्या दुकानाशेजारी,
हा दवाखाना.

सहा महिने थांबायचं, ती म्हणाली.
हे दाणे हळूहळू विरतील,
त्यांच्या जागी तुमचं हाड येईल.
यांनी फक्त तोवर जागा धरून ठेवायची.

तोंडात बोळा होता,
नाहीतर विचारलं असतं,
असा भराव तेव्हा मिळत नव्हता का?

घरी गुरगुट्या भात, गार.
कागदावर लिहिलेलं, उद्यापासून
कोमट मिठाच्या पाण्यानं तोंड धुवा.
सुनेनं पाकीट फोडलं.
नुसतं पीठ, दाणा कुठे नाहीच.
तरी पेल्यात टाकलं, ढवळलं, तोंडात घेतलं.
खळखळून चूळ भरायची नाही,
जोरात थुंकायचं नाही,
मान कलती करायची
आणि पाणी आपण होऊन जाऊ द्यायचं.

हे मला कुणी शिकवायला नको होतं.
उघाडीची फळी अशीच उचलतात,
एका बोटानं, ओहोटी लागल्यावर.